चाळीसपैकी अकरा

ऑर्व्हिल स्टॅम्परनं तो छातीशी धरून आणला,
अ‍ॅक्रनच्या फेब्रुवारीत, बुटांना रस्त्यावरचं मीठ चिकटलेलं,
आणि बाकावर ठेवत म्हणाला, "ह्याचा आवाज बसलाय.
तसा मी लहान असल्यापासून बसलेलाच आहे."

अ‍ॅम्प चौसष्ट सालचा. जाळीवर सिगारेटचा पिवळेपणा,
हँडल तुटलेलं, त्या जागी कमरेचा पट्टा.
वडलांचा, म्हणाला. अ‍ॅम्पही, पट्टाही.

मी स्पीकर सोडवला, जागी आठ ओहमचा मुका रोध लावला.
मुक्यापुढे यंत्र खोटं बोलत नाही, असं बेला म्हणायचा,
ज्यानं मला हे काम शिकवलं
आणि चालू अ‍ॅम्पमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात, हेही.

हजार हर्ट्झचा सूर सोडला. व्होल्ट मोजले. गणित मांडलं.
चाळीस वॅट यायला हवेत तिथं अकरा.
अकरा वॅट म्हणजे दार लावून केलेलं भांडण.

बरं, पाणी मुरतंय कुठे?
प्लेटवर चारशे पंधरा व्होल्ट, ठणठणीत.
फिल्टरचे कपॅसिटर कुणीतरी मध्येच बदललेले,
सोल्डरचे ओबडधोबड गोळे, पण चालताहेत.
आउटपुट ट्रान्सफॉर्मर हुंगला. जळका वास नाही.
पॉवर ट्यूब दोन, दोघींच्या पोटात नारिंगी उजेड.
उजेड दिसतो म्हणून मी कुणाला कामसू म्हणत नाही.

मग ऑसिलोस्कोप लावला. लाट लंगडी निघाली:
वरचं कुबड भरीव,
खालचं चेपलेलं, उशीवर कुणी बसून उठल्यासारखं.
ट्यूबांची अदलाबदल केली. लंगडणं जागचं हललं नाही.
म्हणजे भाडेकरूचा दोष नव्हता, खोलीचा होता.
डावं सॉकेट.
स्क्रीनच्या पिनवर मीटरचं टोक टेकवलं.
शून्य.

चारशे सत्तर ओहमचा रोध धडधाकट होता,
फक्त त्याचं एक टोक पिनपासून सोडवलेलं.
तुटलेलं नव्हे. सोल्डर वितळवून, तार सरळ करून,
वर कापडी नळी चढवून, टोकाला दोऱ्याची गाठ,
बाळाच्या नाळेला मारतात तशी.
आणि शेजारी पत्र्यावर, भिंगाखाली, पेन्सिलीनं:
आयरिस रात्रपाळीला आहे तोवर.

ऑर्व्हिलला बोलावलं. त्यानं वाचलं,
चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
टायरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
आई रात्रभर उभी, आणि दिवसा झोपलेली,
बैठकीच्या भिंतीपलीकडे.
"आम्हाला वाटायचं पप्पांच्यात जोर नाही.
काका म्हणायचे, होबार्टचा अ‍ॅम्प नुसता खोकतो."

मी म्हटलं, आवाजाची घुंडी कमी केली असती तरी भागलं असतं.
"नाही," तो म्हणाला. "घुंडी दहावर असायची.
कायम दहावर."
आणि मग बराच वेळ तो त्या पट्ट्याच्या भोकांकडे बघत राहिला.

"आई कुठे असते?"
"फ्लोरिडाला, बहिणीकडे. दुपारची अजून झोपते."
"जोडू?"
मान हलवली. हो की नाही, कळलं नाही; मी इस्त्री गरम केली.

गाठ नखानं सुटेना, कापावी लागली.
अडतीस वॅट आले. उरलेले दोन म्हातारपणाचे,
त्यांचे पैसे मी लावत नाही.

त्यानं गिटार जोडली, घुंडी सवयीनं दहावर नेली
आणि एकच तार छेडली.
कॉफीच्या डब्यातले स्क्रू नाचले,
वरच्या मजल्यावरच्या मिसेस फेकेटेनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
"सॉरी," ऑर्व्हिल छताला म्हणाला, घाईनं, लहान आवाजात,
आणि घुंडी दोनवर आणली.

नवं हँडल आहे माझ्याकडे, म्हटलं, बसवून देतो फुकट.
पट्टा काढू दिला नाही.
दोरा मात्र मागून घेतला.